गाणं ‘विकत घेतलं’ म्हणजे नेमकं काय घेतलं?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, “सर, स्ट्रीमिंगचा कंटाळा आलाय. गाणी विकत घेऊन आपल्याकडे ठेवायची आहेत. ऑनलाइन कोणतं दुकान चांगलं?” आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न विचारण्यात धोका असतो. तो दुकानाचं नाव सांगायच्या आधी ‘विकत घेणं म्हणजे काय’ असं विचारतो. आज आम्ही तेच करणार आहोत. पण दुकानांची नावंही सांगू, म्हणजे तुम्हाला रिकाम्या हाताने घरी जावं लागणार नाही.

आधी एक भेद स्पष्ट करू. महिन्याची वर्गणी भरून हवं ते ऐकायचं हे स्ट्रीमिंग. वर्गणी थांबली की ऐकणं थांबलं. पैसे एकदाच देऊन ध्वनिमुद्रणाची फाइल आपल्या संगणकावर किंवा फोनवर उतरवून घ्यायची हे डाउनलोड. आज आपण फक्त दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतो आहोत.

आता तुलना करायची तर मोजपट्टी लागते. सगळे जण किमतीची पट्टी लावतात. आपण जरा जुनी पट्टी घेऊ. आपल्याकडे न्यायशास्त्रात आणि धर्मशास्त्रात ‘स्वत्व’ म्हणजे मालकी यावर कडाक्याचे वाद झालेत. त्यात एक लक्षण पुढे येतं : यथेष्ट विनियोग. ज्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे उपयोग करता येतो, ती आपली. ठेवा, वापरा, कुणाला द्या, विका. नव्यन्यायातले रघुनाथ शिरोमणी यांनी या लक्षणावर एक मिस्कील आक्षेप घेतला. उपयोग करता येणं म्हणजे मालकी असेल, तर जेवण दुसऱ्याचं असलं तरी ते खाता येतंच की! मग तेही आपलंच म्हणायचं का?

आता हा आक्षेप स्ट्रीमिंगला लावून बघा. आपण दुसऱ्याच्या घरी पोटभर जेवतो, जेवण उत्तमही असतं, पण भांडी त्यांची, चूल त्यांची आणि उद्या दार उघडायचं की नाही हेही तेच ठरवणार. यात वाईट काही नाही. फक्त आपण पाहुणे आहोत याचं भान हवं. अडचण येते ती दुकानाने ‘विकत घ्या’ असं बटण लावून पाहुण्याचंच ताट वाढलं तर. आणि हे प्रत्यक्षात घडलेलं आहे.

थोडा इतिहास बघू. २८ एप्रिल २००३ ला ॲपलने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, प्रत्येक गाणं ९९ सेंट. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. लोक फुकट गाणी चोरून उतरवत होते त्या काळात हे मोठंच यश होतं. पण त्या फाइलींना कुलूप होतं. गाणं आधी तीन आणि नंतर पाच संगणकांवर चालायचं, त्यापुढे नाही. दुसऱ्या कंपनीच्या खेळण्यासारख्या छोट्या वादकयंत्रावर ते थेट वाजत नसे. या कुलपाला डीआरएम म्हणतात. पैसे देऊन घेतलेल्या पेटीची किल्ली दुकानदाराकडेच, असा तो मामला.

मायक्रोसॉफ्टने तर आपल्या कुलूपबंद पद्धतीला ‘प्लेज फॉर शुअर’, म्हणजे ‘हमखास वाजणार’ असं नाव दिलं होतं. त्यांच्या एमएसएन म्युझिक या दुकानातली गाणी याच पद्धतीची. २००६ मध्ये त्याच कंपनीने झून नावाचं वादकयंत्र बाजारात आणलं आणि त्यावर ही हमखास वाजणारी गाणी वाजेनात! पुढे २००८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की किल्ल्या देणारा सर्व्हर आम्ही ऑगस्टअखेर बंद करतो. म्हणजे आत्ताच्या संगणकावर गाणी चालतील, पण नवा संगणक घेतलात की मुकी होतील. ग्राहकांनी आरडाओरडा केला तेव्हा ती मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. मंडळी, आपण विकत घेतलेल्या ग्रामोफोनच्या तबकडीला कधी मुदतवाढ मागावी लागली होती का?

सुदैवाने हा काळ सरला. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून कुलपं काढण्याची बाजू मांडली. त्याच वर्षी ईएमआय कंपनीने कुलपाविना गाणी द्यायला सुरुवात केली, सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने साध्या एमपीथ्री फाइलींचं दुकान उघडलं, आणि २००९ मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांचीही कुलपं निघाली. आज संगीताच्या प्रमुख डाउनलोड-दुकानांत मिळणारी फाइल कुलपाविना असते. मोजपट्टीची पहिली खूण इथे पूर्ण होते : ठेवता येतं, प्रत काढता येते, कुठल्याही यंत्रावर वाजवता येतं.

पण दुकान बंद झालं तर? आपल्याकडचीच दोन उदाहरणं घ्या. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत फ्लाइट नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं. जून २०१३ मध्ये ते बंद झालं, म्हणजे पुरतं दीड वर्षही चाललं नाही. दुसरं, गूगल प्ले म्युझिक. २०१६ मध्ये भारतात गाणी विकायला लागलं, २०२० मध्ये विक्री थांबली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथली साठवण पुसली गेली. दोन्ही वेळा ग्राहकांना आपापली गाणी उतरवून किंवा दुसरीकडे हलवून घ्यायला मुदत मिळाली. ज्यांनी ती पाळली त्यांची गाणी आजही वाजतात. ज्यांनी ‘आपली गाणी तिथे आहेतच की’ असं म्हणून सोडून दिलं, त्यांच्याकडे फक्त बिलं राहिली.

या दुसऱ्या गटात आम्हीही बसून आलो आहोत. एका दुकानातून आम्ही साठेक ध्वनिमुद्रणं घेतली होती. ती फक्त लॅपटॉपवर होती. लॅपटॉपची डिस्क गेली तेव्हा आम्ही निर्धास्त होतो, म्हटलं पुन्हा उतरवून घेऊ. पाहतो तर दुकान केव्हाच बंद झालेलं, आणि त्याची सूचना आलेली ईमेल आम्ही जाहिरात समजून न उघडताच टाकून दिलेली. दोष दुकानाचा म्हणावा तर तोही पूर्ण खरा नाही. आम्ही वस्तू घेतली होती, पण सांभाळायची जबाबदारी घेतलीच नव्हती. तर्काच्या वर्गात आम्ही मुलांना सांगायचो की गृहीतकं तपासा. आमचं गृहीतक असं होतं की दुकान आमच्यापेक्षा जास्त जगेल!

कायद्यालाही आता हा भेद दिसू लागला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात जानेवारी २०२५ पासून नियम आहे की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हा शब्द वापरायचा नाही. आणि यातून सूट कुणाला? जी वस्तू कायमची उतरवून घेता येते आणि इंटरनेटशिवाय वापरता येते तिला. म्हणजे ‘यथेष्ट विनियोग’ हा शब्द न उच्चारता तो विचार तिथल्या विधिमंडळापर्यंत पोचला.

आता प्रत्यक्ष दुकानांकडे येऊ. चार घेऊ : आयट्यून्स, ॲमेझॉन, बँडकॅम्प आणि कोबझ. चौघांना चार प्रश्न विचारू. फाइल कशी मिळते? काय मिळतं? माहिती किती मिळते? आणि आपले पैसे कुणाला जातात?

पहिला प्रश्न, फाइल कशी. इथे थोडं गणित करू. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचं माप घेतलेलं असतं, प्रत्येक माप १६ बिटांचं, डावी-उजवी मिळून दोन बाजू. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. तासाभराचं गाणं सहाशे एमबीच्या वर जातं. एमपीथ्री किंवा एएसी पद्धत यातला कानाला सहसा न जाणवणारा भाग काढून टाकते. २५६ किलोबिटची फाइल तासाला सुमारे ११५ एमबी होते. फ्लॅक नावाची पद्धत काहीही न टाकता घडी घालते. तिथे तासाचं गाणं साधारण तीनशे एमबीत बसतं, आणि घडी उलगडली की मूळ सीडी जशीच्या तशी मिळते.

आयट्यून्स २५६ किलोबिटची एएसी देतं, ॲमेझॉन साधारण त्याच दर्जाची एमपीथ्री. कोबझ हे २००७ मध्ये सुरू झालेलं फ्रेंच दुकान सीडीच्या दर्जाची आणि त्याहून वरच्या मापाची फ्लॅक देतं. बँडकॅम्पवर आपणच निवडायचं : एमपीथ्री, एएसी, फ्लॅक, वेव्ह, जी हवी ती, आणि नंतर मन बदललं तर दुसरी. एक गंमत सांगतो. ॲपलने २०२१ पासून आपल्या वर्गणीदारांना काहीही न टाकलेलं, पूर्ण दर्जाचं संगीत ऐकवायला सुरुवात केली. पण त्यांच्याच दुकानातून जो गाणं विकत घेतो त्याला २५६ चीच फाइल मिळते. भाडेकरूला संगमरवर आणि घरमालकाला शहाबादी!

“पण सर, फरक ऐकू येतो का?” प्रामाणिकपणे सांगायचं तर २५६ च्या चांगल्या फाइलीत बहुतेकांना, बहुतेक वेळा, येत नाही. आमच्या सत्तरी ओलांडलेल्या कानांना तर नाहीच. जुन्या १२८ च्या फाइलीत तानपुऱ्याची झार विरविरीत वाटायची, तबल्याची चाट बोथट व्हायची, ते आता फारसं होत नाही. मग फ्लॅक कशाला? तर दुधाचं दही होतं, दह्याचं दूध होत नाही. फ्लॅकपासून उद्या निघेल ती कुठलीही पद्धत बनवता येईल. एमपीथ्रीतून जे गेलं ते गेलंच. पन्नास वर्षं ठेवायचं असेल तर दूध घ्या. मात्र ७८ च्या तबकडीवरून घेतलेलं जुनं मुद्रण ‘हाय रेझोल्यूशन’ म्हणून जास्त पैशांना मिळत असेल तर भुलू नका. मूळ तबकडीत जे नव्हतंच ते मोठ्या मापात येणार कुठून?

फ्लॅकचा आपल्या संगीतासाठी आणखी एक फायदा आहे. एमपीथ्री करताना फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता भरली जाते. सिनेमाच्या गाण्यात ती कळतही नाही. पण विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे वेगळे केलेले असतील तर समेवर यायच्या क्षणी बारीकसा खड्डा पडतो. फ्लॅकमध्ये तो पडत नाही.

दुसरा प्रश्न, काय मिळतं. ‘गाणं’ हे विक्रीचं एकक कुठून आलं? १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकडीवर तीनेक मिनिटं मावत. तीन मिनिटांचं ते एकक सिनेमासंगीताला मानवलं, आणि ९९ सेंटचा भाव त्याच एककावर बसला. आता चाळीस मिनिटांच्या ख्यालाला कुठला भाव लावणार? म्हणून आयट्यून्ससारख्या दुकानांत लांब मुद्रणं पुष्कळदा सुटी मिळत नाहीत, ‘फक्त पूर्ण अल्बम’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे भावाची तुलना करताना गाण्यामागे किती असं मोजू नका, तासामागे किती असं मोजा. मग शास्त्रीय संगीत कितीतरी स्वस्त असल्याचं लक्षात येईल.

साठ्याचं म्हणाल तर मोठ्या कंपन्यांचं जुनं भांडार आयट्यून्स, ॲमेझॉन, कोबझ इथे शोधावं. बँडकॅम्पवर मुख्यतः स्वतंत्र कलाकार आणि छोट्या संस्था आहेत. आजचा एखादा तरुण सतारिया तिथे सापडेल, पन्नास वर्षांपूर्वीची कंपनीची रेकॉर्ड सहसा नाही. शिवाय ही दुकानं देशादेशांप्रमाणे वेगळी असतात. ॲमेझॉनने २०१८ मध्ये भारतात संगीत आणलं ते स्ट्रीमिंगच्या रूपात. परदेशातली मुलं सांगतील ते दुकान आपल्या कार्डाला दार उघडेलच असं नाही, तेव्हा आधी तेवढं बघून घ्या.

तिसरा प्रश्न, माहिती. इथे मात्र सगळीच दुकानं कमी-अधिक नापास. त्यांच्या चौकटीत तीन खाणी : गायक, अल्बम, गाण्याचं नाव. आपल्याला हवं असतं राग, ताल, बंदीश, संगतीला कोण, मैफल कुठली, साल कोणतं. तबलजी आणि हार्मोनियमवाले बऱ्याचदा गायबच असतात. रोमन स्पेलिंगची तर मौज. बागेश्री तीन-चार प्रकारांनी लिहिलेला सापडतो, तोडीचंही तसंच. म्हणून एकाच स्पेलिंगने शोधून ‘नाही’ असा निष्कर्ष काढू नका. कोबझवर काही अल्बमसोबत छापील पुस्तिकेची फाइल मिळते. बँडकॅम्पवर कलाकाराला स्वतः टिपण लिहिता येतं, आणि जिथे ते मन लावून लिहिलेलं असतं तिथे जुन्या रेकॉर्डच्या वेष्टणावरचा मजकूर वाचल्याचा आनंद होतो.

चौथा प्रश्न, पैसे कुणाला. बँडकॅम्प डिजिटल विक्रीतून १५ टक्के घेतं, आणि कलाकाराची विक्री ५,००० डॉलरच्या पुढे गेली की १० टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. बाकी सगळं कलाकाराला किंवा त्याच्या संस्थेला. पुष्कळदा ठरलेल्या किमतीहून जास्त देण्याचीही सोय असते. मार्च २०२० मध्ये, कोविडने मैफली बंद पाडल्या तेव्हा त्यांनी काही शुक्रवारी स्वतःचा वाटाही सोडायला सुरुवात केली. आयट्यून्सवर दुकानाचा वाटा साधारण ३० टक्के राहिला आहे, आणि उरलेला भाग आधी कंपनीकडे जातो, कलाकाराला काय मिळेल ते त्याच्या करारावर. पण हेही लक्षात ठेवा की भलेपणाला दीर्घायुष्याची हमी नसते. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सने घेतलं, पुढच्याच वर्षी साँगट्रेडरला विकलं गेलं, आणि जवळपास निम्मे कर्मचारी घरी गेले. कोबझही २०१५ मध्ये दिवाळखोरीच्या कडेला जाऊन नव्या मालकाकडे गेलं.

आता आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मोजपट्टीवर ‘द्या’ आणि ‘विका’ या दोन खुणा राहिल्या होत्या. तिथे काय? अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेली डिजिटल गाणी पुन्हा विकण्याची सोय काढली. विकणाऱ्याकडची फाइल पुसली जाते आणि घेणाऱ्याकडे जाते, असा त्यांचा दावा. कॅपिटॉल रेकॉर्ड्सने दावा ठोकला. २०१३ मध्ये आणि पुन्हा अपिलात २०१८ मध्ये निकाल रीडिजीच्या विरुद्ध गेला. कारण ऐका : फाइल ‘जाते’ असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात दुसऱ्या संगणकावर नवी प्रत जन्माला येते, आणि प्रत काढण्याचा हक्क खरेदीदाराला नाही. ‘ही तीच फाइल की दुसरी?’ या प्रश्नावर न्यायालयाने निकाल दिला! तबकडी हातातून हातात गेली तरी तीच व्यक्ती राहते. फाइल प्रत्येक वेळी नव्याने जन्मते.

यातून पुढचा प्रश्न निघतो तो आमच्या वयाच्या माणसांचा. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे कान वडिलांच्या, काकांच्या, शेजारच्या एखाद्या मास्तरांच्या रेकॉर्डींवर तयार झाले. माणूस गेला, रेकॉर्डी राहिल्या. आपण गेल्यावर आपल्या गाण्यांचं काय? ॲपलने २०२१ मध्ये आपल्यामागे आपलं खातं पाहू शकेल असा वारस नेमण्याची सोय दिली. त्याला फोटो मिळतात, पत्रं मिळतात. विकत घेतलेली गाणी, सिनेमे, पुस्तकं मात्र त्यातून वगळली आहेत. दुकानातलं खातं वारसाहक्काने जात नाही. कपाटातली डिस्क मात्र घरातच राहते.

म्हणून आमचं उत्तर असं. जिवंत, स्वतंत्र कलाकाराचं संगीत बँडकॅम्पवर मिळत असेल तर तिथून, फ्लॅकमध्ये घ्या. जुनं आणि जपून ठेवायचं ते, दार उघडत असेल तर कोबझसारख्या दुकानातून. बाकी आयट्यून्स आणि ॲमेझॉन रोजच्या ऐकण्याला पुरेसे आहेत. पण कुठूनही घेतलंत तरी त्याच दिवशी उतरवून घ्या. तीन प्रती ठेवा : एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, मुलीकडे म्हणा, मित्राकडे म्हणा. प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये मराठीत चार ओळी लिहून ठेवा : राग कोणता, साथ कुणाची, आणि हे तुम्ही का घेतलंत. तबलजींचं नाव दुकानाने गाळलं असेल, तुम्ही गाळू नका.

वेळ होत आली आहे. दोन प्रश्न आलेत ते घेऊ. एक ताई विचारतात, “यूट्यूबवर सगळं फुकट असताना विकत का घ्यायचं?” ताई, ऐकायला जरूर ऐका, आम्हीही ऐकतो. पण तिथलं दुर्मीळ मुद्रण एखाद्या सकाळी नाहीसं झाल्याचा अनुभव तुम्हालाही असेल. ज्या दहा-वीस मैफलींशिवाय तुमचं चालणार नाही, तेवढ्या तरी घरात असाव्यात.

दुसरा प्रश्न एका विद्यार्थ्याचा आहे. “सर, मग फाइलीवर आपलं स्वत्व आहे की नाही?” अर्धं आहे, बाळा. ठेवता येतं, हवं तेव्हा हवं तिथे ऐकता येतं. राजरोस विकता येत नाही. पण घरात बसून चार जणांना ऐकवायला कुणाची आडकाठी नाही. तेव्हा या रविवारी आजोबांना विचार, त्यांच्या फोनवर कोणती गाणी विकत घेतलेली आहेत, आणि ती आधी एका डिस्कवर उतरवून ठेव. बाकीचा वाद पुढच्या वेळी.